चुंबक चिकटला म्हणून जम्बो खरा? २२,२५० रुपयांचा ‘एम्परर अशोक’

विमानाच्या नकली मॉडेलात माझे किती गेले तो आकडा आधी लिहून टाकतो, कारण कुणी चार हजार म्हणतंय, कुणी चाळीस, आणि माझ्या मेव्हण्यानं तर निपाणीपर्यंत त्याचा लाख करून सोडलाय. टोकन ५,०००, बाकीचे १६,०००, पॅकिंग-कुरिअर ८५०, आणि ‘ओरिजिनल सर्टिफिकेट’ म्हणून वर ४००. एकूण २२,२५०. सगळे यूपीआयवरून, माझ्याच खात्यातून, माझाच पिन टाकून. पिनचं मुद्दाम सांगतोय, पुढं बँकेनं त्याच पिनवरून मला गप्प केलं.

वस्तू म्हणजे एअर इंडियाच्या जम्बोचं डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेलं) मॉडेल, १:२०० स्केल, बोईंग ७४७-२३७बी (म्हणजे २०० मालिकेतलं), नोंदणी व्हीटी-ईबीडी, नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेला, १९७१ साली आलेला एअर इंडियाचा पहिला जम्बो. ज्यांना हा नाद आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही ते म्हणणार, खेळण्यातल्या विमानाला बावीस हजार? घरातही तेच म्हणाले. म्हणू देत. लोक गाडीच्या नंबरला लाख घालतात, त्यांना कोण विचारत नाही.

व्हॉट्सॲपवर ओळख, डीपीत विमान, ‘अडचण आहे म्हणून काढतोय’, ‘मुंबईचं एक गिऱ्हाईक तयार आहे पण तुम्हाला द्यायचंय’, हे सगळं तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. पण या माणसानं एक वेगळी नस धरली. बोलायला कोल्हापुरी. मी बेळगावचा म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. “भावा, सीमाभागातला माणूस म्हणजे आमच्या घरचा. तुला फसवून मी कुठं तोंड दाखवू?” आमच्याकडं मराठीत कुणी चार शब्द आपुलकीनं बोललं की आम्ही निम्मे विरघळतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानंतर मी भाव एक रुपयानं पाडला नाही. उलट त्यानंच २३,००० वरून २१,००० केले, ‘आपल्या माणसासाठी’. जो स्वतःहून आपल्या माणसाचा भाव देतो त्याला तिथंच ब्लॉक करा.

आता चुंबक. हे लिहितानाही हात आवळतोय.

मी म्हटलं, हे धातूचंच आहे कशावरून? बाजारात रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या मालाचे, भरपूर फिरतात. त्यानं लगेच व्हिडिओ पाठवला. विमान उलटं धरलंय, पोटाला चुंबक लावला, खट्कन चिकटला. “बघ भावा, अस्सल मेटल.” मी बघितलं, परत बघितलं, आणि टोकन टाकलं.

डायकास्ट विमानं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. झमॅक म्हणतात त्याला, जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. जस्ताला चुंबक चिकटत नाही. ॲल्युमिनियमलाही नाही. म्हणजे विमानाच्या पोटाला चुंबक खट्कन चिकटला तो डायकास्टच्या धातूला नाही, पोटात लोखंड आहे म्हणून. मला पटवायला त्यानं जो पुरावा दिला, तोच तो खोटं बोलतोय याचा पुरावा होता. आणि मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, कास्टिंगच्या म्हणजे धातू ओतायच्या धंद्यात आहे!

हसा. पण आमचं काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. दिवसभर हाताखालून जातं ते बीड आणि पोलाद, दोघांनाही चुंबक चिकटतो. ढिगात वेगळा धातू आलाय का बघायला आम्ही चुंबकच फिरवतो, चिकटला की ‘आपला माल’. सवय हाताला असते, डोकं नंतर येतं. जस्ताचं काम आमच्या शेडमध्ये कधी आलेलंच नाही. त्यामुळं फाउंड्रीवाला असून कसा फसलास म्हणणाऱ्यांना उत्तर हेच, की फाउंड्रीवाला होतो म्हणूनच फसलो. सोनाराला कदाचित फसवता आलं नसतं.

कुरिअरची पावती मी पार्सल हातात आल्यावर बघितली. वजन ७०० ग्रॅम. तो म्हणाला होता नुसतं विमान सव्वा किलो. खोकं, थर्माकोल, बबल रॅप सगळं धरून सातशे! पार्सल निघालं की पावतीचा फोटो मागा, त्यावरचं वजन वाचा. बाकीचे पैसे त्यानंतर. मी सोळा हजार आधीच पाठवलेले, कारण मुंबईचं ते गिऱ्हाईक.

खोकं उघडल्यावर लांबून बरं दिसलं, खोटं कशाला बोलू. जवळ घेतलं तर झरोके छापलेले नव्हतेच, पट्टी चिकटवलेली. पुढच्या दाराच्या मागं पट्टीचा जोड, तिथं एका खिडकीचा झरोका दीड झालेला. नखानं कड उचलली तर अख्खी उचलून आली, खाली बुडबुडे. चांगल्या मॉडेलवर रंग आणि अक्षरं पॅडनं छापलेली असतात, नख फिरवलं तर कुठं अडकत नाही. चाकं फिरत नव्हती, ओतलेल्याच गोळ्या. इंजिनाच्या तोंडात पंख्याची पाती नाहीत, काळा ठिपका. टेप लावली: नाक ते शेपूट बत्तीस सेंटिमीटर. खरा जम्बो ७०.६ मीटर, दोनशेनं भागा, पस्तीसच्या वर यायला हवं. विकणाऱ्याला टेप लावून फोटो पाठवायला सांगा, नाक आणि शेपूट दोन्ही फ्रेममध्ये. जो खरा आहे तो दोन मिनिटांत पाठवतो.

पोटाजवळ रंग जरा जाड वाटला म्हणून हॅकसॉच्या पात्यानं खरवडला. पुट्टी. पुट्टीखाली सोळा एमएमचा नट बसवलेला. असले नट आमच्या शॉपमध्ये बादलीनं पडलेत.

आणि पंख. पंखांच्या टोकांना वर उभे विंगलेट! विंगलेट आले ७४७-४०० ला, ते विमान पहिल्यांदा उडालं १९८८ मध्ये. ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून दुबईला निघाला आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडला, २१३ माणसं गेली. दहा वर्षांनी जन्मलेले विंगलेट त्याला कुठून येणार? पुढं वरच्या मजल्याचा जो कुबड असतो तोही लांब, तो तर ७४७-३०० पासून सुरू झाला, २०० चा आखूड. म्हणजे कुठल्या तरी ४०० च्या रेझिन साच्यावर अशोकाचं स्टिकर मारलं, झाला एकवीस हजाराचा माल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाठवलेल्या प्रत्येक फोटोत पंखाची टोकं फ्रेमबाहेर होती किंवा त्याच्या बोटाखाली. एका फोटोत डावं टोक जरा वर आल्यासारखं दिसलं तेव्हा मी विचारलं होतं, चॅट आहे माझ्याकडं. उत्तर आलं, ‘कॅमेरा अँगल भावा’. विचारलं होतं हे लक्षात घ्या.

आता आपल्या साहेब लोकांबद्दल.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिला प्रश्न, “माल आला का?” आला. “मग हे सायबर कसं?” बँकेत गेलो तर काउंटरवरची मॅडम म्हणाली, व्यवहार तुम्हीच केला, पिन तुमचा, यात बँकेचा काय संबंध. बँकेनं भरपाई द्यावी असं मी म्हणतच नव्हतो, समोरचं खातं गोठवायला कुणाला सांगायचं एवढंच विचारत होतो. पोलीस ठाण्यात गेलो. तिथं आधी मराठी अर्ज बघून तोंड वाकडं, कन्नडमध्ये लिहून आणा. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून आणला, त्याचे दीडशे वेगळे, वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. मग म्हणे आरोपी महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिकडं गेलो. तिथल्या हवालदारानं आधार कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “तुम्ही कर्नाटकातले, पैसे तिकडून गेले, गुन्हा तिकडंच.” निवडणूक आली की दोन्हीकडच्यांना बेळगाव आमचंच असतं. बावीस हजाराची तक्रार घेऊन गेलो तर बेळगाव दोघांचंही नाही.

परत आलो तर नवीन शहाणपण: वस्तूच्या दर्जाची तक्रार आहे, दिवाणी बाब आहे. दिवाणी? पुट्टीत नट पुरून त्याला चुंबक चिकटवून दाखवला, हा दर्जाचा प्रश्न? मी नट टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, उचला तो, फायली खराब होतात.

ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी: १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यानं घ्यायची असते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. जुनं चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे. हे दोन आकडे कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. मी नेल्यावर निदान अर्जावर पोच मिळाली, तीही शिक्का अर्धा उमटलेली. चॅट डिलीट करू नका, खोकं फेकू नका, पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. मी व्हिडिओ काढला तो अर्ध्यातून, कारण पोरानं मोबाईल घेतलेला.

‘सर्टिफिकेट’ विचाराल तर साधा रंगीत झेरॉक्स, अनुक्रमांकाच्या जागी पेननं आकडा. चारशे रुपये त्याचे.

तो माणूस अजून धंद्यात आहे. नंबर बदलला, डीपीतलं विमान तेच. गेल्या आठवड्यात खानापूरच्या एका ओळखीच्या पोराला त्यानं हाच जम्बो २४,००० ला दाखवला, चुंबकाच्या त्याच व्हिडिओसकट. पोरानं मला विचारलं म्हणून वाचला. तुमच्याकडं आला तर भांडू नका, नुसतं म्हणा, भावा, दोन्ही पंखांच्या टोकांचा फोटो पाठव, बोट काढून. आणि काय उत्तर येतंय त्याचा स्क्रीनशॉट मला द्या, माझ्या अर्जाला जोडायचा आहे.