तितिकाकावरचा होमस्टे, गोंयकाराच्या नजरेतून

पेरूत पुनोहून बोटीनं अमांतानी बेटावर गेलो आणि तिथल्याच एका घरी मुक्काम केला, मस्त अनुभव. पण तितिकाका तळं ३,८१२ मीटरवर, आम्ही फोंड्याची माणसं, जेटीवरून घरापर्यंतचा चढ चढता चढता जीव मेटाकुटीला आला, आई-बाबांना न्यायचं तर जरा विचार करूनच न्या.

गाड्या नाहीत, आंघोळीला गरम पाणी नाही, रात्री थंडी मरणाची. जेवण म्हणजे किन्वाचं सूप, बटाटे, तळलेलं चीज, नुस्तं म्हणजे मासे नाहीत बरं का! वर मुन्या नावाच्या तिथल्या वनस्पतीच्या काड्या तशाच कपात टाकलेला चहा, वास थेट पुदिन्याचा, डोकेदुखीवर तिथले लोक तोच देतात. घरची माणसं केचुआ बोलतात, आमचं सगळं हातवाऱ्यांवर.

वाटेत उरोसची तरंगती बेटं, तोतोरा गवताची. खालचा थर कुजत जातो म्हणून वर नवीन गवत टाकत राहतात, पाय चक्क दबतो. पण तिथे विक्रीचा मारा फार, मला नाही आवडलं. ताकिले बेटावर मात्र पुरुष चालता चालता टोप्या विणतात, ते बघाच.

एजंटनं दामदुप्पट घेतले, घरवाल्यांना त्यातले किती देतो देव जाणे, तेव्हा शक्यतो पैसे थेट त्यांच्याच हातात द्या, सुट्टे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा.