पुराच्या वेळी मंगल कार्यालयात केलेली राहायची सोय, ५ पैकी ३ स्टार

हतनूर धरणाचे ४१ च्या ४१ दरवाजे उघडले की तापीकाठच्या आमच्या खालच्या आळीचा जीव टांगणीला लागतो. मागच्या पुरात पाणी उतरेपर्यंत आम्ही सगळे तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात होतो, तिथल्या सोयीबद्दल लिहितोय कारण पुढच्या पावसाळ्यात परत कोणाला तरी तिथंच जावं लागणारे.

जेवणाला पूर्ण मार्क. सकाळी पोहे, रात्री खिचडी-कढी, वर खेड्यापाड्यांतून भाकरी-ठेच्याची गाठोडी यायची, कोणी उपाशी झोपलं नाही. अन् कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंनी नवरीची खोली सरळ बाळंतिणींना अन् तान्ह्या पोरांच्या आयांना देऊन टाकली, आतून कडी, तिकडं एक पुरुष फिरकू दिला नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

स्टार कापले ते संडासासाठी. एवढ्या माणसांत चारच, ते पण हॉलच्या मागं, इन्व्हर्टरवर हॉलचे पंखे चालू अन् मागच्या बोळात मिट्ट काळोख, बायका दिवस मावळला की पाणीच पीत नव्हत्या. अशा निवाऱ्यांसाठी स्फिअर नावाची जगभर मानली जाणारी मानकं आहेत, त्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी अन् २० माणसांमागं एक संडास धरलाय. पाण्याचे टँकर वेळेवर आले, जागेचंही धकून गेलं, संडासाचा हिशोब मात्र कोणी केलाच नाही. निदान एक बल्ब तरी ओढायचा ना तिकडं!

दुसरं ढोरांचं. शेजारचे आबा कंबरभर पाणी येईस्तोवर घर सोडेनात, "मनी म्हैस कोठे बांधू?" एवढंच म्हणायचे. कार्यालयामागं एवढं मोठं पटांगण पडलंय, तिथं खुंट्या ठोकून चारा टाकला असता अन् तसं दवंडीतच सांगितलं असतं तर कितीतरी लोक पहिल्या हाकेला निघाले असते.

आणि शेतात राहणारे पावरा आदिवासी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, त्यांची नावं गावच्या यादीत नाहीत म्हणून पहिल्या रात्री त्यांना चटया-ब्लँकेट दिलीच नाहीत. रेशनकार्ड मध्यप्रदेशचं असलं म्हणून काय झालं, पोरं त्यांचीही भिजलेलीच होती. सकाळी तलाठीभाऊंनी स्वतः बसून नवीन रजिस्टर केलं तेव्हा कुठं सुटलं.

जाणाऱ्यांनी आधार, पासबुक, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्या, पंचनाम्याला लागतं. मोबाईल चार्जिंगचे पॉइंट फक्त स्टेजजवळ आहेत.