दुसरीचं टार्गेट: निपुणची यादी की शाळेची डायरी?

आमची पोरगी ठाण्यात दुसरीत, मराठी मिडियम. तिचा मावसभाऊ घोडबंदर रोडला इंग्लिश मिडियममध्ये, तोही दुसरीच. परवा दोघांची टार्गेट्स शेजारी ठेवून बघितली.

पोरीची यादी निपुण भारतची, म्हणजे केंद्राने जुलै 2021 ला सुरू केलेलं अभियान, त्यात दुसरी संपताना मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंत संख्या कळाव्यात, मुख्य एवढंच. भाच्याच्या शाळेच्या डायरीत मात्र डिक्टेशन, 15 पर्यंत पाढे, जीके, कॉम्प्युटर, प्रोजेक्ट... ताई तर पार दमलीय.

रविवारी तलावपाळीला भेळ घेतली, 40 ला एक. दोन प्लेटचे किती विचारलं तर पाढे धडाधडा म्हणणारा आमचा भाचा म्हणतो, "मावशी, प्लस की इंटू?" आणि पोरगी बोटं मोडत, चार दहा नि चार दहा, ऐंशी!

पण आमच्याकडे सगळं छान आहे असंही नाही हां. बासष्ट सांगितलं की ही आधी 2 लिहिते नि मग 6, झाले 26, कारण ऐकू येतो तो 'बा' आधी ना, आणि भाच्याला सिक्स्टी टू सरळ जमतं. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणितात बासष्टला 'साठ दोन' म्हणणं आणलं तेव्हा मी पण हसले होते, आता वही बघून तेवढं हसू येत नाही.

मला विचाराल तर छोटी यादीच बरी. जीके चौथीतही होईल.