मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र: नीतिसूत्रांच्या वर्षभराच्या वाचनानंतर

गेल्या नाताळात आईसाठी मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र घेतले, कारण जुन्या प्रतीतील बारीक टाइप तिला चष्मा लावूनही वाचता येत नव्हता. प्रत घरी आल्यावर संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिच्यातूनच बायबलमधील नीतिसूत्रे हे पुस्तक वाचायचे असे ठरले. या पुस्तकाचे अध्याय ३१ आहेत. त्यामुळे ज्या दिवशी जी तारीख, त्या दिवशी तो अध्याय, हा अनेक ख्रिस्ती घरांतला जुना क्रम आम्हीही धरला. वर्षभर तो, चार-दोन दिवसांचे खंड सोडता, चालला. पुढील अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

प्रथम पुस्तकाच्या बांधणीविषयी. कागद पातळ असला तरी मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली दिसत नाही, पुस्तक मांडीवर उघडे राहते आणि खुणेसाठी दिलेली फीत पुरेशी लांब आहे. वजन मात्र बरेच आहे. उपासनेला पिशवीतून नेण्यासाठी आई अजूनही लहान प्रतच घेते, आणि ही घरच्या मेजावरच राहते. ज्यांना एकच प्रत घ्यायची आहे त्यांनी याचा विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. रोज सकाळी फोनवर फुलांच्या चित्रासह एखादे वचन येते, आणि ते वाचून बरेही वाटते. परंतु ते वचन कोणीतरी निवडलेले असते आणि निवडताना साहजिकच दिलासा देणारे वचन उचलले जाते. छापील अध्याय तारखेप्रमाणे वाचायचा म्हटले की अशी निवड आपल्या हाती राहत नाही. मग खोट्या वजनमापाचा परमेश्वराला येणारा वीट, शेजाऱ्याच्या घरी वरचेवर जाऊन त्याला कंटाळा आणण्याबद्दलचा इशारा, माल घेताना ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणून भाव पाडणारे आणि घरी जाताना त्याच खरेदीची बढाई मारणारे गिऱ्हाईक, हे सर्व समोर येते. रोजच्या वागण्यात बदल घडतो तो या अडचणीच्या ओळींमुळे, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. आपल्याकडे पतसंस्थेचे कर्ज म्हटले की जामीनदार आलाच, आणि नात्यात किंवा नोकरीच्या ठिकाणी कोणी फॉर्म पुढे केला तर नाही म्हणणे फार जड जाते. काही वर्षांपूर्वी मी एका सहकाऱ्यासाठी अशीच सही केली. हप्ते थकले आणि पुढे कित्येक महिने माझ्या पगारातून कपात होत राहिली. या वर्षी एका महिन्याच्या सहा तारखेला सहावा अध्याय वाचत होतो. शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर तू आपल्याच शब्दांत सापडला आहेस. जा, नमते घे, त्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून ये, असे तेथे सांगितले आहे. आईने वाचन थांबवून माझ्याकडे पाहिले. तिला ती कपात आठवली होती, आणि त्याच आठवड्यात भाचा त्याच्या कर्जासाठी ‘मामा, सही कराल ना?’ असे विचारून गेला होता, हेही तिला ठाऊक होते.

येथेच थांबलो असतो तर हे पुस्तक मला फक्त हात आखडता घेण्याचे निमित्त देऊन गेले असते. परंतु आधीच्या तिसऱ्या अध्यायात, देण्याजोगे जवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नको, असेही आहे, आणि तो अध्याय वाचून तीनच दिवस झाले होते. दोन्ही वचने एकत्र ठेवल्यावर मार्ग दिसला. सही करणार नाही हे भाच्याला त्याच संध्याकाळी घरी बोलावून स्पष्ट सांगितले, आणि परत मागायची नाही अशी, आम्हाला झेपेल एवढी रक्कम त्याच्या हाती दिली. तो थोडा नाराज झाला. पण पुढच्या रविवारी जेवायला आला.

नीतिसूत्रे ही नियमांची यादी म्हणून वाचू नयेत, याचा पुरावा पुस्तकातच आहे. २६व्या अध्यायातील चौथी ओवी म्हणते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि पाचवी म्हणते की दे. दोन्ही ओव्या लागोपाठ ठेवलेल्या आहेत. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटतो तेव्हा यांपैकी कोणती ओवी त्या दिवसाची, हे ठरवण्यासाठी समोरचा माणूस, प्रसंग आणि स्वतःचा हेतू तपासावा लागतो. ते काम पुस्तक आपल्यासाठी करून देत नाही, आणि तेच योग्य आहे. त्याचप्रमाणे नीतिमानाची भरभराट होते हे सूत्र आजाऱ्याच्या उशाशी बसून ऐकवू नये. बायबलमधील ईयोब या पुस्तकात, निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. म्हणून नीतिसूत्रांसोबत ईयोबही वाचावा. छडीविषयीची वचने आली की आम्ही इफिसकरांच्या पत्रातील, बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, हे वचनही त्याच बैठकीत वाचतो. छडीचा आधार घेऊन मुलांना झोडपलेले मी लहानपणी पाहिले आहे. पाच ते सात या अध्यायांतील परस्त्रीविषयीचा मजकूर लहान मुलांसमोर वाचावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही वाचला, आणि मोठ्या मुलाने विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली.

भाषेबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती या भाषांतराविषयीच्या आस्थेतूनच आहे. मराठी मंडळ्यांत रुळलेले हे भाषांतर भारदस्त आहे आणि मोठ्याने वाचताना कानाला गोड लागते. पण ‘निर्बुद्ध’ हा शब्द आला की आई तो ‘बेअक्कल’ असा करून नातवंडांना सांगते, आणि अर्थ तेव्हा कुठे पोचतो. ही अडचण जुनी आहे. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला, त्यानंतर शंभर वर्षांनीही सामान्य बाईला समजेल असे बायबल हवे म्हणून पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत जास्त खटकते ते ३१व्या अध्यायात. लग्नाच्या उपासनेत वधूकडे पाहून वाचली जाणारी ‘सद्गुणी स्त्री’ ती हीच. मूळ हिब्रूत येथे ‘खायिल’ हा शब्द आहे आणि तो बळ, पराक्रम, सैन्य, संपत्ती अशा अर्थांनी येतो. या अध्यायातील बाई शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना देते, रात्री तिचा दिवा मालवत नाही, आणि शेवटी गावाच्या वेशीत तिच्या कामांनीच तिची वाखाणणी करावी असे म्हटले आहे. तिला ‘कर्तबगार’ म्हटले असते तर ऐकणाऱ्या कित्येक मुलींना तिच्यात आपली आई दिसली असती. या बावीस ओव्या हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. आमच्या प्रतीत तशी टीप नाही, ती असायला हवी होती. शिवाय तारखेच्या क्रमाने हा अध्याय वर्षातून सातच वेळा वाट्याला येतो, म्हणून ३० दिवसांच्या महिन्यात आम्ही तो शेवटच्या दिवशी जोडून वाचू लागलो.

टीपांची उणीव एकूणच जाणवते. कोणते सूत्र शलमोनाचे, कोणते हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून घेतलेले, आगूर आणि लमुएल कोण, हे नव्या वाचकाला कोणीतरी सांगावे लागते. घरात पाळकसाहेबांचे येणेजाणे असेल किंवा वडीलधारे जाणकार असतील तर हरकत नाही. एकट्याने वाचणाऱ्या तरुणाला मात्र मी टीपा असलेली आवृत्ती घ्यायला सांगेन. वृद्ध आईवडील आणि मुले जिथे एकत्र बसतात, अशा घरासाठी ही मोठ्या अक्षरांची प्रत मी निःसंकोच सुचवतो. दुकानात घेताना नीतिसूत्रांचा कुठलाही अध्याय उघडून ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा, आणि तोही संध्याकाळच्या दिव्याच्या उजेडात, कारण घरी ती वाचली जाणार आहे त्याच उजेडात.