सर्व्हरवरचं नेटवर्क बाँडिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातल्या दोन उबंटू २२.०४ सर्व्हरवर गेले काही महिने बाँडिंग, म्हणजे दोन नेटवर्क पोर्ट जोडून एकच म्हणून वापरणं, चालू आहे. फाइल सर्व्हरवर मोड ४, म्हणजे एलएसीपी (स्विचशी बोलून दोन्ही केबल एकत्र वापरणं); हजेरी-पगाराच्या सर्व्हरवर मोड १, म्हणजे एक केबल चालू आणि दुसरी राखीव ठेवणारा अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप. गिगाबिटचे दोन पोर्ट जोडले की दोन गिगाबिटचा वेग मिळेल, या आशेने कोणी यात उतरणार असेल तर आधीच सांगतो: एका मशीनवर एक मोठी फाइल कॉपी करायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) क्रम बिघडू नये म्हणून मोड ४ मध्ये एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. सकाळी सगळे एकदम कामाला बसतात तेव्हा मात्र फरक स्पष्ट जाणवतो.

तोही आपोआप नाही. कुठलं पॅकेट कुठल्या केबलवर टाकायचं हे ठरवणारी हॅश पॉलिसी मुळात 'लेअर२' असते आणि ती मुख्यतः नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बघते. आमची बरीचशी मशीन्स दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे राउटरपलीकडच्या नेटवर्कमध्ये आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर राउटरचाच मॅक, त्यामुळे सगळा भार एकाच पोर्टवर आणि दुसरा रिकामा. 'लेअर३+४' केल्यावर आयपी आणि पोर्ट नंबर धरून वाटणी होऊ लागली. ही सेटिंग फक्त सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची. आत येणारं कसं वाटायचं हे स्विच ठरवतो, तिकडची सेटिंग वेगळी बघावी लागते.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती लिनक्सची ताजी स्थिती दाखवणाऱ्या 'प्रॉक'खालच्या नेट फोल्डरमधली बाँडिंगची फाइल. मध्यंतरी ती सहज उघडली, तर एका पोर्टसमोर 'एमआयआय स्टेटस: डाउन' (लिंक बंद) आणि 'लिंक फेल्युअर काउंट' बराच वाढलेला. कोणाचीही तक्रार नव्हती, काम सुरळीत चालू. रॅकमागे जाऊन पाहिलं तर केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली. केबल पोर्टात नुसती टेकलेली, हात लागला की हलायची. बाँडिंगने आपलं काम चोख केलं होतं, पण इतकं गुपचूप की आपण एकाच केबलवर उभे आहोत हे कोणालाच कळलं नाही. आता दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि 'डाउन' दिसलं की मेल करते. ही स्क्रिप्ट नसेल तर बाँडिंग अर्धवटच आहे असं मी म्हणेन. मोड ४ असेल तर त्याच फाइलमध्ये 'पार्टनर मॅक'ही (समोरच्या स्विचचा मॅक) बघा. तिथे नुसती शून्यं दिसली तर स्विच एलएसीपी बोलतच नाहीये.

मोड १ मध्ये नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत 'एमआयआय-मॉनिटर-इंटरव्हल' (लिंक किती वेळाने तपासायची ते) न विसरता लिहा. तो मुळात शून्य असतो आणि शून्य म्हणजे लिंक तपासणंच बंद. केबल निघाली तरी दुसरा पोर्ट पुढे येणार नाही. आमच्याकडे १०० मिलिसेकंद आहे. पण ही तपासणी स्विचपर्यंतच्या केबलपुरतीच. स्विचच्या पुढचा अपलिंक (बाकीच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) मेला तर तिला पत्ता लागत नाही. त्यासाठी एआरपी तपासणी आहे: गेटवेचा (राउटरचा) आयपी द्यायचा, त्याच्याकडून उत्तर येतं का हे ती बघते. ती मोड १ मध्ये चालते, मोड ४ मध्ये नाही.

'नेटप्लॅन ट्राय' या सेटिंग आजमावून बघण्याच्या कमांडवर इथे विसंबू नका. एरवी आपण होकार दिला नाही तर ते १२० सेकंदांत जुनी सेटिंग परत आणतं, पण बाँडचे पॅरामीटर मागे फिरवणं त्याला जमत नाही. असे बदल सर्व्हरसमोर बसून किंवा आयपीएमआय (सर्व्हरच्या वेगळ्या रिमोट) कन्सोलवरूनच करावेत.

नव्याने लावणाऱ्याला मी मोड १ सुचवेन. त्यात एकेक केबल दोन वेगळ्या, साध्या स्विचमध्ये लावता येते आणि स्विचवर काही करावं लागत नाही. एलएसीपीला दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये हव्यात, नाहीतर स्टॅकिंग किंवा एमलॅग (दोन स्विच एकच असल्यासारखे चालवण्याची सोय) असलेले महागडे स्विच घ्यावे लागतात. शक्य असेल तर एक पोर्ट मदरबोर्डवरचा आणि दुसरा वेगळ्या कार्डावरचा घ्या. दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर असले आणि कार्डच गेलं, तर बाँडही गेला.