भिंतीवरचं सॉकेट आणि माझे ४१,५०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो: ४१,५०० रुपये, मॉडेल रेल्वेच्या डोंगरापायी ऑनलाइन फसवणुकीत गेलेले. त्यातला १ रुपया 'नंबर बरोबर आहे का बघा काका' म्हणून पाठवलेला. तोही गेला.

मी बावळट नाही. ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, ०.०२ मिलिमीटरचा फरक असला तरी पार्ट परत पाठवणारा माणूस म्हणून शॉपफ्लोअरवर शिव्या खाल्ल्या आहेत. हे आधी लिहितोय, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच म्हणतो, 'तुमच्यासारखा माणूस कसा फसला?' तसाच फसला. वाचा.

निवृत्तीनंतर चिंचवडच्या घरात मागच्या खोलीत ८ बाय ४ फुटांचा प्लाय टाकून रेल्वे लेआउट सुरू केला. एचओ स्केल, म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खरं तर आपलं ब्रॉडगेज या मापात १९ मिलिमीटरच्या वर जातं, पण ती तडजोड बहुतेक सगळेच करतात. विषय ठरलेला होता: बोरघाट. मुलगा लहान असताना त्याला कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये इतक्या वेळा नेलं की शेवटी तोच कंटाळला, मी नाही. रूळ टाकले, वायरिंग केलं, पॉइंट्स बसवले, सगळं स्वतः. अडलं ते डोंगरापाशी. खऱ्या घाटाचा चढ १ इन ३७; तो बोर्डावर मोजून आणता येतो. पण काळ्या कातळाचे आडवे थर, त्यावरून उतरणारं पाणी, पावसात कातळावर चढणारं हिरवं, हे मोजून येत नाही. पहिला डोंगर थर्मोकोलचा केला आणि वरून स्प्रेच्या डब्याने काळा रंग मारला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं हे मला माहीत होतं. एका हाताने काय होतंय म्हटलं. पंधरा मिनिटांत खंडाळ्याचं लोणार झालं.

त्याच आठवड्यात ऑनलाइन जाहिरात दिसली: 'भारतीय घाट, तयार मॉड्यूल, ऑर्डरप्रमाणे.' मॉड्यूल म्हणजे लेआउटला जोडायचा आयता तुकडा. जाहिरातवाला स्वतःला कोल्हापूरचा म्हणाला. फोनवर त्याने विचारलेला पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. 'काका, घाट मार्चमधला करायचा की श्रावणातला? त्यावर गवत ठरेल. श्रावणातला असेल तर सहा मिलिमीटरचं स्टॅटिक ग्रास टाकू, मार्चला चारचं पुरे.' इथे मी विकला गेलो. घरात दोन वर्षं मी डोंगर डोंगर करतोय, कोणत्या महिन्यातला ते कोणी विचारलं नव्हतं. श्रावणातला, मी म्हणालो. आवाजही बहुतेक भरून आला असावा. हे लिहायला लाज वाटते.

ठरलं ते असं: ४ बाय २ फुटांची दोन मॉड्यूल, दोन बोगद्यांची तोंडं, आठ कमानींचा पूल, ६० झाडं, मिळून ४२,५०० रुपये. स्वस्त नव्हतं, म्हणूनच खरं वाटलं. पुढचा क्रम तुम्हाला पाठच असेल. ३ जुलैला तो १ रुपया आणि लगेच निम्मा ॲडव्हान्स, २१,२५०. १९ जुलैला गवत आणि झाडं बाहेरून मागवलीत म्हणून ६,८००. २ ऑगस्टला लाकडी क्रेट आणि ट्रान्सपोर्टचे ३,४५०. ९ ऑगस्टला 'ट्रान्झिट इन्शुरन्स, पूर्ण रिफंडेबल', ९,९९९. या शेवटच्याला बायको म्हणाली होती, 'अहो, डोंगराचा विमा कोण उतरवतं?' मी तिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही.

ॲडव्हान्स देताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं होतं. 'मेव्हण्याचा अकाउंट आहे काका, माझं जीएसटीचं काम चालू आहे.' पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते शोभेला नसतं. ज्याच्याशी बोलताय त्याचं नसेल तर तिथेच फोन खाली ठेवा. मेव्हणा बिव्हणा काही नसतो.

पण खरी चूक तिथली नाही. खरी चूक फोटोतली आहे, आणि ती मला रात्री अजून झोपू देत नाही.

१७ जुलैला त्याने 'काम सुरू आहे' म्हणून एक फोटो पाठवला. अर्धा झालेला डोंगर, पायथ्याशी फोमचा चुरा, बाजूला ब्रश आणि गोंदाची बाटली. मी तो फोटो किती वेळा पाहिला असेन? सकाळी चहाबरोबर, दुपारी, झोपताना. वाढवून वाढवून पाहिला. बोगद्याच्या तोंडावरचे दगड मोजले. कातळ फिका, जवळजवळ पांढरा होता. मी मनात म्हणालो, रंग नंतर देणार असेल. थर आडवे नव्हते, उभे होते. म्हटलं, दुसऱ्या बाजूने काढला असेल. वर झाडं होती ती सरळ पाइनची. खंडाळ्यात पाइन! त्याला विचारलं, तर म्हणाला, 'काका, ती टेम्पररी आहेत, उंची बघायला.' आणि मी, सगळं आयुष्य ड्रॉइंग आणि पार्ट शेजारी ठेवून तपासलेला माणूस, 'ओके' असं लिहून अंगठा पाठवला.

१४ ऑगस्टला पार्सल आलं. कुरियरवाला जिन्यात घाई करत होता. खोकं फरशीच्या टाइल्सचं, चिठ्ठीवर वजन ४.२ किलो. चार फुटांचं मॉड्यूल दीड फुटाच्या खोक्यात मावत नाही हे शाळेतल्या पोराला कळेल. मला वाटलं हा झाडांचा पहिला लॉट. ओटीपी दिला. आत निघालं ते असं: बाथरूमबाहेर टाकतात त्या हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताच्या पायपुसण्याचा कापलेला तुकडा, थर्मोकोलचे ठोकळे, एक किलो प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि वाढदिवसाच्या केकवर खोचतात ती नारळाची झाडं. मोजली, १४. एकाच्या बुंध्याला क्रीम वाळलेलं होतं. म्हणजे कुणाचा तरी वाढदिवस झाल्यावरची.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल होता. तो जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. त्याला फोटो दाखवला, म्हटलं हे दाखवून ते पाठवलं. तो दोन सेकंद गप्प झाला. 'बाबा, मागच्या भिंतीवरचं सॉकेट बघा.' बघितलं. उजव्या कडेला पांढरं सॉकेट, गोल खोलगट, आत दोन गोल भोकं, वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या. आपल्या तीन भोकांचा तिथे मागमूस नाही. 'हे माझ्या स्वयंपाकघरात आहे,' तो म्हणाला. महिनाभर ते सॉकेट माझ्याकडे बघत होतं. मी दगड मोजत होतो.

आता सरकारी अध्याय. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लागला चाळीस मिनिटांनी, आणि पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? शेवटचे पाच दिवसांपूर्वी, म्हटल्यावर पलीकडचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. (तुम्ही फसलात तर पार्सलची वाट बघू नका, शंका आली त्या मिनिटाला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच अडतात.) तक्रारीचा नंबर मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथला माणूस सभ्य होता, पण त्याने लिहिलं 'खेळणी खरेदी'. मी म्हटलं, साहेब, खेळणी नाही, स्केल मॉडेल आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, 'खेळणी' तसंच ठेवलं आणि विचारलं, 'काका, पार्सल मिळालं ना? ओटीपी दिला ना? मग ही फसवणूक नाही, मालाबद्दलचा वाद आहे. ग्राहक मंचात जा.' म्हणजे त्या कुजक्या खोक्याचं काम हेच होतं! नारळाची झाडं मला नव्हतीच पाठवली, ती पोलिसांसाठी होती. जुनं ४२० आता नव्या कायद्यात ३१८ झालंय एवढी माहिती घेऊन मी दुसऱ्यांदा गेलो, तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर खातं परराज्यातलं निघालं, 'पत्र पाठवलंय'. चौथ्यांदा पत्राचा जावक क्रमांक मागितला. तो अजून मागतोच आहे.

बँकेत रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन गेलो होतो, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, ते. शेवटचे ९,९९९ मधल्या सुट्ट्यांमुळे त्यात बसतील असा माझा हिशेब होता. मॅनेजर बाईंनी झेरॉक्स न वाचताच परत दिली. 'तो नियम तुमच्या नकळत गेलेल्या पैशांसाठी आहे. तुम्ही तर कळून दिलेत.' त्यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही. महिन्याने कळलं की त्या मेव्हण्याच्या खात्यात २१२ रुपये होल्ड केले आहेत. ते २१२ सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. वकिलाने फोनवर नुसतं हसून दाखवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत एवढे उपकार.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथे अर्ज तयार करतोय. पण अर्जात ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचा पत्ता लागतो. कुरियरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे तो एका बंद पेट्रोल पंपाचा.

तुमच्यापैकी कुणी असलं काही मागवणार असाल तर फोटोवर जाऊ नका. त्या दिवशीचं वर्तमानपत्र मॉडेलला टेकवून व्हिडिओ कॉल करायला सांगा. कॅमेरा खराब आहे म्हणाला की समजून जा. मेसेजचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा. माझ्याकडचा १९ जुलैचा अख्खा दिवस त्याने नंतर पुसला आणि पोलिसांनी नेमका तोच मागितला. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि न उघडता ओटीपी देऊ नका, कुरियरवाला जिन्यात नाचला तरी. आणि मुख्य म्हणजे आपण त्याला कसं पकडलं हे त्याला कधीही सांगू नका.

हे शेवटचं का लिहितोय? त्या रात्री संतापाच्या भरात मी तोच फोटो, सॉकेटभोवती लाल गोल काढून, त्याला परत पाठवला होता. खाली लिहिलं, 'हे कोल्हापूरचं सॉकेट का रे?' मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आणि त्याने मला ब्लॉक केलं. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

डोंगर आता मीच करतोय. फोमच्या पाट्या कापून, वर प्लास्टर, त्याने पाठवलेलंच, तेवढं एक खरं निघालं. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, मातीसाठी वापरून वाळवलेली चहापूड, आणि सगळ्यावर पाणी घातलेलं फेविकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. एकूण खर्च आजवर १,१४० रुपये. पायपुसणं बायकोने बाथरूमबाहेर टाकलंय.

परवा संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने एक जाहिरात पाठवली. 'माथेरान मॉड्यूल, ५५,००० रुपये.' तोच डोंगर, तोच फोमचा चुरा, तीच गोंदाची बाटली. फोटो उजवीकडून बोटभर कापलाय, बरोबर मी लाल गोल काढला होता तिथून. पाइनची झाडं मात्र तशीच आहेत. माथेरानला.