सुईचे तुकडे उचलायला निओडिमियम मॅग्नेट घेतलं, कसंय ते सांगतो

आमचं युनिफॉर्म शिवायचं छोटं वर्कशॉप आहे सोलापुरात. शर्टात सुईचं तुटकं टोक राहिलं की पार्टी अख्खा लॉट परत पाठवती, म्हणून नव्या पेठेतल्या एका हार्डवेअरवाल्याकडून ही चकती आणली, २० एमएमची, वरून निकेल प्लेटिंग.

ताकद एक नंबर. आधी जुन्या स्पीकरचं काळं मॅग्नेट वापरायचो, ते जाड कापडातून काय ओढायचंच नाही, हे शर्टाच्या चार घड्यांवरून फिरवलं तरी टोक खालून टक्कन चिकटतं. यात खरं तर दोन तृतीयांशाहून जास्त लोखंडच असतं, निओडिमियम पाव भागाच्या जरा वर आणि बोरॉन एखादा टक्का, पण त्या निओडिमियममुळंच सगळी जादू.

आता वाईट बाजू. गरम सहन होत नाही बगा. साधा ग्रेड ८० डिग्रीपर्यंतच, त्याच्यावर गेला की ताकद उतरती आणि गार झाल्यावर पण परत येत नाही. आमच्या पोरानं एक चकती इस्त्रीच्या टेबलावर ठेवली होती, ती आता टाचणी पण धड उचलंना. प्लेटिंगचा टवका उडाला की आतून गंजतं पण. आणि दोन चकत्या एकमेकांवर आपटल्या तर काचेसारख्या फुटतात. घरात बारकी पोरं असतील तर लांबच ठेवा, दोन गिळली तर आतड्यात एकमेकांना चिकटून बसतात, ऑपरेशनचं काम होतं.

दुकानदाराचं एक पटलं नाही. दुसऱ्या वेळी गेलो तर भाव वाढवलेला, का म्हणलं तर "चायनानं माल बंद केलाय, रेअर अर्थ हाय, मिळतच नाही." रेअर अर्थ म्हणजे निओडिमियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, सिरियम असल्या धातूंची भावकी. चायनानं २०२५ च्या एप्रिलमध्ये यातल्या ज्या सात धातूंच्या निर्यातीवर लायसन लावलं त्यात डिस्प्रोशियम, टर्बियम होतं, निओडिमियम नव्हतं. ते डिस्प्रोशियम जास्त गरम सोसणाऱ्या, मोटरीतल्या मॅग्नेटमध्ये घालतात, या साध्या चकतीचा काय संबंध? आणि मिळत नाही म्हणावं तर जमिनीत सिरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे, निओडिमियम शिशापेक्षा जास्त. आपल्याकडंच केरळात चवऱ्याला, ओडिशात छत्रपूरला समुद्राच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे हे धातू असलेलं खनिज, सापडतं. खरी मारामारी वेगळं काढायची आहे, हे सगळे भाऊबंद एकाच खनिजात मिसळलेले, रासायनिक गुण इतके सारखे की द्रावणातून पुन्हा पुन्हा काढत बसावं लागतं, वरून मोनाझाइटमध्ये थोरियम म्हणजे रेडिओॲक्टिव्हचं झेंगट. या वेगळं काढायच्या कामात चायना सगळ्यांच्या लई पुढं आहे, ते मान्य.

एवढं ऐकवल्यावर गडी जुन्या भावावर आला, आणि माल मात्र खरा देतो, समोर पाना लटकवून दाखवतो. पाचात चार स्टार. घेताना मधे स्क्रूचं भोक असलेली चकती मागा, लाकडी पट्टीला बसवता येती, नुसती चकती मशीनच्या टेबलाला चिकटली की नखं तुटतात काढताना.